आयटी उद्योगाकडून महाराष्ट्राला नेमकं काय मिळतं?

प्रश्न लातूरकडच्या एका प्राध्यापकांचा आहे. थोडक्यात असा: महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेत आयटीचं महत्त्व खरंच एवढं आहे, की हा पुण्यामुंबईतल्या काही लाख लोकांचा मामला आहे? सरकार दर काही वर्षांनी धोरण आणतं, हजारो कोटींचे करार जाहीर करतं, त्यातून नोकऱ्या किती निघतात? आणि एआय आल्यावर जिल्ह्याच्या गावातल्या मुलांनी या क्षेत्राकडे वळावं का?

मी पुण्यातल्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत पंचवीसेक वर्षं काढली. सुरुवात प्रोग्रामिंगने झाली, पण त्यातला मोठा काळ आमच्याकडे ज्याला डिलिव्हरी आणि रिसोर्सिंग म्हणतात त्यात गेला. कुठल्या प्रोजेक्टला किती माणसं लागतील, त्यात फ्रेशर (नवखे) किती, अनुभवी किती, कोण कुठल्या शहरात बसेल, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना पगारावर, किती जण आहेत, हे बघण्याचं ते काम. त्यामुळे माझं उत्तर पगाराच्या आणि माणसांच्या बाजूने येणार.

महत्त्व मोठं आहे. मात्र लोक ते कराच्या आकड्यांत आणि गुंतवणुकीच्या घोषणांत शोधतात आणि तिथे ते फारसं सापडत नाही. दोनच गोष्टी बघाव्यात असं माझं मत आहे: पगार कुठे खर्च होतो, आणि दरवर्षी किती नवख्या मुलांना पहिली नोकरी मिळते.

कराचं आधी सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य आहे. उलट कंपनीने खरेदीवर भरलेला जीएसटी तिला परत मागता येतो. म्हणजे पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमधल्या कंपनीने अमेरिकेतल्या बँकेला शंभर कोटींचं बिल लावलं, तर त्या बिलातून राज्याला जीएसटीचा एक रुपयाही येत नाही. कंपनीचा प्राप्तिकर आणि कर्मचाऱ्यांचा टीडीएस दिल्लीला जातो आणि तिथून वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांत वाटला जातो. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांसाठी ठेवले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के धरला. गुणाकार करून बघा. शेजारच्या वाकडमध्ये राहणाऱ्या इंजिनिअरने भरलेल्या शंभर रुपये प्राप्तिकरातले जेमतेम अडीच रुपये या वाटेने मुंबईला परत येतात. अधिभार आणि उपकर तर वाटपात धरलेच जात नाहीत.

पगारावर राज्याचा स्वतःचा कर एकच, व्यवसाय कर. पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हा. वर्षाचे २,५००. पगार महिना चाळीस हजार असो की चार लाख, रक्कम तीच, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ने तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. बाजूला एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या क्षेत्रातल्या फारच थोड्यांना ती माहीत असते: महाराष्ट्राने हा कर १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाला हातभार लावावा, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम, पण रक्कम बघा. समजा, राज्यात पाच लाख आयटी कर्मचारी धरले, तर वर्षाचे १२५ कोटी होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता.

आता त्याच इंजिनिअरने वाकडला ८० लाखांचा फ्लॅट घेतला असं समजा. पुणे-पिंपरीच्या महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ५ लाख ६० हजार. वर नोंदणी फी ३० हजार. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्क्याची सवलत मिळते, तरीही ४ लाख ८० हजार होतातच. तीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस व्यवसाय कर भरणार ७५ हजार. एका खरेदीखतात राज्याला त्याच्या सहा-सातपट रक्कम मिळाली. त्यानंतर गाडीचा मोटार वाहन कर, पेट्रोलवरचा व्हॅट, हॉटेलच्या बिलातला राज्याचा जीएसटी, शिवाय महापालिकेला घरपट्टी. राज्याला आयटीचा पैसा मिळतो तो असा, कर्मचाऱ्याच्या खिशातून, तो खर्च करेल तेव्हा आणि करेल तिथे. त्याने तो खर्च बंगळुरूला केला तर तो कर्नाटकाच्या तिजोरीत जातो, मग कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी.

संख्येच्या बाजूने पाहिलं तर चित्र नम्र करणारं आहे. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशाच्या तंत्रज्ञान उद्योगाचं उत्पन्न सुमारे २८३ अब्ज डॉलर आणि मनुष्यबळ सुमारे ५८ लाख होतं. हा सगळ्या देशाचा आकडा. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात शेतमजूर १ कोटी ३० लाखांहून जास्त होते, आणि शेतकरी व शेतमजूर मिळून राज्यातल्या काम करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक. देशातली झाडून सगळी आयटी महाराष्ट्रात आणून बसवली, तरी ती राज्यातल्या शेतमजुरांच्या निम्म्या संख्येलाही काम देऊ शकणार नाही. त्यामुळे ‘आयटी आली की बेरोजगारी संपेल’ असं कुणी म्हणालं तर त्याने आकडे बघितलेले नाहीत, एवढं खुशाल समजावं.

मग एवढ्या लहान संख्येचं एवढं महत्त्व का? त्यासाठी ही माणसं आली कुठून हे बघावं लागेल.

मुंबईत टीसीएस सुरू झाली १९६८ साली. फकीरचंद कोहली टाटांच्या वीज कंपन्यांतून तिथे आले आणि त्यांनी परदेशातली कामं मिळवून हा धंदा उभा केला. १९७३ साली अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात नोंदली गेली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. पुण्यातल्या जुन्या लोकांना ते अजून टोचतं. पुण्याला १९८८ मध्ये सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था मिळाली, १९९० च्या सुमारास पर्सिस्टंट आणि केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपन्या सुरू झाल्या, १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, त्यातून उपग्रहाची जोडणी आणि करसवलत मिळू लागली. हा इतिहास सगळे सांगतात.

माझ्या मते यापेक्षा निर्णायक गोष्ट घडली ती १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणी, वारणानगर, इस्लामपूरजवळचं राजारामनगर अशा सहकारी साखर कारखान्यांच्या गावांत महाविद्यालयं निघाली. शेगावला गजानन महाराज संस्थानाने काढलं. देणग्यांवरून, फीवरून, शिक्षणाच्या दर्जावरून तेव्हा भरपूर टीका झाली आणि तीत तथ्यही होतं. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कंपन्यांना वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० मुळे संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या दुरुस्तीच्या, कामासाठी हजारो हात हवे झाले, तेव्हा ते हात इथे तयार होते. ऊस आणि कोड यांचं हे नातं आमच्याकडे कुणी फारसं बोलून दाखवत नाही. खुद्द हिंजवडीच्या जागेवर आधी सहकारी साखर कारखाना व्हायचा होता आणि आपण तो दुसरीकडे न्यायला सांगून इथे आयटी पार्क आणलं, असं शरद पवार जाहीर सभांतून सांगत आले आहेत.

मी ज्यांना प्रोजेक्टवर घेतलं त्यांतली बरीच मुलं-मुली अशाच कॉलेजांतली होती. वडील एसटीत वाहक, प्राथमिक शिक्षक, चार एकरांचे शेतकरी, सोसायटीत सचिव. घरात कुणी कंपनीत नोकरी केलेली नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलताना घाम फुटतो. सरकारी नोकरी मिळवायला आठ-दहा वर्षं स्पर्धा परीक्षा द्यावी लागली असती, कारखान्यात कायम व्हायला तेवढीच. इथे कॅम्पसमधून उचललं, तीन-चार महिने शिकवलं आणि पगार सुरू. वंश, ओळख, चिठ्ठी काही लागलं नाही. नोकरीला लागलेल्या मुलींचं प्रमाणही इतर उद्योगांच्या तुलनेत इथे खूप जास्त, देशभरात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. त्या पगारातून गावाकडची विहीर झाली, बहिणीचं लग्न झालं, धाकट्या भावाची फी गेली. हा पैसा राज्याच्या उत्पन्नात ‘आयटी’ म्हणून दिसत नाही, पण गेला तिथेच.

सोबतच्या रोजगाराबद्दल भाषणांत ‘एकामागे चार’ वगैरे गुणोत्तरं ऐकू येतात. मी ती वापरत नाही. त्यापेक्षा मार्च २०२० मध्ये काय झालं ते आठवा. हिंजवडीतल्या इमारती एका आठवड्यात रिकाम्या झाल्या. आमची कामं बंद पडली नाहीत, लॅपटॉप घरी गेले आणि बिलिंग चालू राहिलं. बंद पडलं ते बाकीचं: कॅबवाले, हाऊसकीपिंगच्या बायका, तीन पाळ्यांतले सिक्युरिटी गार्ड, कॅन्टीनचे कंत्राटदार, फेज वन आणि टूमधल्या टपऱ्या, मेस, माणच्या आणि मारुंजीच्या गावकऱ्यांनी कर्ज काढून बांधलेल्या कॉट बेसिसच्या खोल्या. जमिनी गेलेल्या कुटुंबांनी मोबदल्यातून गाड्या घेऊन कंपन्यांना लावल्या होत्या, त्यांचे हप्ते थकले. या लोकांपैकी कुणीही ‘आयटी कर्मचारी’ म्हणून मोजला जात नाही. बहुतेक कंत्राटी, किमान वेतनाच्या आसपासचे.

त्याच काळात उलट बाजूलाही काही घडलं आणि ते धोरण करणाऱ्यांच्या नजरेतून निसटलं असं मला वाटतं. पुण्याचा पगार दीड-दोन वर्षं लातूर, सांगली, अकोल्यात खर्च झाला. मुलं गावी राहून काम करत होती. घरांची डागडुजी झाली, किराणा, डॉक्टर, हार्डवेअरचं दुकान यांच्याकडे पैसा गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी आयटी नेण्यासाठी सरकारला आजवर जे जमलं नव्हतं ते तेव्हा विनासायास झालं. पुढे कंपन्यांनी आठवड्याला तीन दिवस, काहींनी पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं आणि पैसा पुन्हा बाणेर-वाकडच्या घरमालकांकडे वळला.

आता गुंतवणुकीचे आकडे. घोषणा वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: ही कुठली आयटी? कारण या एका नावाखाली एकमेकांशी काही संबंध नसलेले धंदे येतात. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभी राहिलेली डेटा सेंटर घ्या. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईला वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार जवळ आहेत, वीजपुरवठा भरवशाचा आहे, म्हणून देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आला. एकेका केंद्रात हजारो कोटी लागतात. पैसा जातो जमीन, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, वातानुकूलन आणि सर्व्हरवर, त्यातलं बरंच परदेशातून येतं. बांधकाम चालू असेपर्यंत मजुरांना काम. नंतर आत राहतात ते वीज आणि कूलिंगचे तंत्रज्ञ, सिक्युरिटी आणि थोडे नेटवर्कवाले. तेवढ्याच पैशात सॉफ्टवेअरच्या इमारती उभ्या राहिल्या तर हजारोंनी माणसं बसतात. डेटा सेंटर नकोत असं मी म्हणत नाही. बँकांना, यूपीआयला, उद्याच्या एआयला ती लागणारच. पण त्यांची गुंतवणूक ‘रोजगार’ या रकान्यात लिहू नये. वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ, वर विजेची प्रचंड मागणी, आणि नोकऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, हा व्यवहार त्याच्या स्वतःच्या गुणांवर तोलावा.

२०२३ च्या राज्याच्या आयटी धोरणात ९५ हजार कोटींची गुंतवणूक आणि ३५ लाख रोजगार असं उद्दिष्ट जाहीर झालं. देशाच्या सगळ्या तंत्रज्ञान उद्योगात मिळून ५८ लाख माणसं आहेत हे वर सांगितलंच आहे. हा ३५ लाखांचा आकडा मंत्रालयात कुणी कसा काढला असेल याचा मी अंदाज करू शकतो, कारण आम्हीही वार्षिक नियोजनात असेच आकडे काढतो: वरून एक मोठी संख्या येते आणि खालच्यांनी ती जुळवायची असते.

१९९८ पासूनच्या प्रत्येक धोरणात एक गोष्ट समान आहे, वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी. आयटी पार्क म्हणून बांधलं तर जास्त मजले. याचा फायदा कुणाला झाला हे पुण्यात कुठल्याही चौकात उभं राहून दिसतं. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या हे खरं, त्यामुळे कंपन्यांना जागा स्वस्त मिळाली हेही खरं. पण त्या इमारतींपर्यंत पोचणारे रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पाणी हे दुसऱ्या कुणाचं तरी काम राहिलं. हिंजवडीची शोकांतिका तिथेच आहे. पार्क एमआयडीसीचं, गाव ग्रामपंचायतीचं, नियोजन पीएमआरडीए या पुणे महानगर विकास प्राधिकरणाचं, काही रस्ते सार्वजनिक बांधकामचे, आणि भूमकर चौक ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं की कुणाला फोन करायचा हे आमच्या ॲडमिन विभागालाही कधी धड कळलं नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी झाली डिसेंबर २०१८ मध्ये. पार्क तोवर जवळपास वीस वर्षांचं झालं होतं. हडपसरला मगर कुटुंबाच्या पुढाकाराने शंभरावर शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, तिथे मालकीही राहिली, भाड्याचं उत्पन्नही राहिलं आणि आतले रस्तेही ठीक आहेत. ते प्रारूप राज्याने आणखी ठिकाणी का नेलं नाही, याचं समाधानकारक उत्तर मला कुणाकडून मिळालेलं नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना आमच्या धंद्याची आतली रचना दिसत नाही.

सेवा कंपनीचं गणित पिरॅमिडचं आहे. ग्राहक महिन्याचे किंवा तासाचे पैसे देतो. वर एक-दोन आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची रचना ठरवणारे), मध्ये टीम लीड, खाली भरपूर फ्रेशर. फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास द्यायचे (हा आकडा पंधरा वर्षांत जवळजवळ हललेला नाही, यावर वेगळं लिहिता येईल) आणि त्याचं बिल त्याच्या पगाराच्या कितीतरी पट लावायचं. कंपनीचा नफा या खालच्या थरात असतो. काम कसलं? चाचण्या चालवायच्या, छोटे दोष दुरुस्त करायचे, जुने रिपोर्ट नव्या प्रणालीत न्यायचे, रात्रपाळीत सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, निकाली काढून बंद करायची. कंटाळवाणं असलं तरी ते करताकरताच माणूस शिकतो. तीन वर्षांत तो उपयोगाचा होतो, पाच वर्षांत दुसरा कुणी त्याला दीडपट पगारावर घेऊन जातो.

एआयची साधनं सर्वांत आधी हेच काम करू लागली आहेत. ग्राहकाला ते माहीत आहे. करार नव्याने करताना तो सरळ विचारतो, तुमची उत्पादकता वाढली तर माझं बिल कमी का होत नाही? मग कंपनी माणसं कमी लावते, आणि कमी करायची तर खालून. नॅसकॉमच्याच आकड्यांत देशभरात मनुष्यबळातली निव्वळ भर २०२१-२२ मध्ये सुमारे साडेचार लाख होती, २०२३-२४ मध्ये ती साठ हजारांवर आली, पुढच्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास गेली. यात सगळा दोष एआयचा नाही. कोविडनंतर कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त भरती केली होती आणि अमेरिकेतल्या ग्राहकांनी खर्च आवळला. पण एकूण कल कमी भरतीकडेच आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर लोकांना कमी करण्याचं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. त्यावर वर्तमानपत्रांत मथळे आले. ज्या मुलांना कुणी घेतलंच नाही त्यांची बातमी कुठेच येत नाही. राज्याच्या दृष्टीने मला ती जास्त गंभीर वाटते.

कारण पुढची साखळी अशी आहे. सध्या सगळ्या राज्यांना परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, म्हणजे जीसीसी, हवी आहेत. पगार चांगले, काम वरच्या दर्जाचं. पण बहुतेक जीसीसी कोरा फ्रेशर फारसा घेत नाहीत. त्यांना तीन ते दहा वर्षांचा तयार माणूस हवा असतो. तो तयार झाला कुठे? सेवा कंपनीत. गेली पंचवीस-तीस वर्षं या कंपन्या राज्यासाठी एक पैसा न घेता प्रशिक्षण केंद्राचं काम करत होत्या. त्यांनी खालचा थर भरायचं थांबवलं, तर पाच वर्षांनी जीसीसींना माणसं मिळणार नाहीत आणि तेव्हा सवलती देऊन उपयोग होणार नाही. माझ्या मते राज्याने पैसा लावायचा असेल तर तो इथे लावावा: पहिली नोकरी देणाऱ्या कंपनीला, त्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा ठरावीक हिस्सा, शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखाली, आणि पुण्यामुंबईबाहेर असेल तर जास्त. इमारतीच्या चौरस फुटांवर सवलत देण्यापेक्षा याचा हिशेबही सोपा आहे, कारण भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नवा खातेदार लगेच दिसतो.

बाहेरच्या जिल्ह्यांबद्दल घाईघाईनेच सांगतो. नागपूरच्या मिहान या उद्योग प्रकल्पात टीसीएस, एचसीएल आल्या, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरातही प्रयत्न झाले. अडचण इमारतीची नसते. अनुभवी माणसाला नोकरी बदलायला समोरच्या रस्त्यावर दुसरी कंपनी लागते, आणि नवरा-बायको दोघांनाही काम लागतं. जिथे दोन-तीनच मालक आहेत तिथे मुलगा तीन वर्षं शिकतो आणि पगारवाढीसाठी पुण्याची गाडी पकडतो. त्यामुळे एका बड्या कंपनीच्या मागे धावण्यापेक्षा आठ-दहा मध्यम कंपन्या एका शहरात टिकवणं जास्त उपयोगी, आणि लातूरसारख्या ठिकाणी त्यापेक्षाही सोपं म्हणजे घरून काम करणाऱ्यांना अखंड वीज, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर आणि बसायला बरी जागा देणं.

मुलांनी यावं का? यावं, पण २०१० सालच्या कल्पनेने येऊ नये. ‘कुठलीही ब्रँच, कुठलीही भाषा, कॅम्पसमधून उचलतील’ हे दिवस संपत आले. पुण्याची खरी ताकद आता गाड्या, यंत्रं आणि इंजिनं यांच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. चाकण-पिंपरीचे कारखाने शेजारी असल्यामुळे केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज, जॉन डिअरचं मगरपट्ट्यातलं केंद्र अशा ठिकाणी हे काम चालतं. तिथे मेकॅनिकल किंवा ईएनटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा) मुलगा प्रोग्रामिंग शिकलेला असेल तर नुसत्या कॉम्प्युटरवाल्यापेक्षा त्याला जास्त मागणी आहे. ब्रेक कसा लागतो हे ज्याला कळतं त्यालाच ब्रेकचा कोड तपासता येतो, आणि एआयने लिहिलेला कोड तपासणं हेच आता पहिल्या वर्षाचं काम होत चाललं आहे. मुंबईची आयटी वेगळी. ती बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार यांच्या पोटात दडलेली असते, म्हणून डोळ्यांत भरत नाही. तिथे वाणिज्य समजणारा आणि डेटाबेस हाताळणारा माणूस लागतो, बी.कॉम. झालेल्यालाही वाट आहे. क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत होते. पण ते उदाहरण मी मुलांना सरसकट देत नाही. तसा माणूस आणि तशी वेळ वारंवार जमून येत नाही.

तुमच्या कॉलेजसाठी एक व्यवहाराची सूचना. प्रवेशाच्या वेळी प्लेसमेंटचे आकडे दाखवले जातात ते ‘ऑफर’चे असतात. एकाच मुलाला तीन ऑफर असतील तर तीन मोजल्या जातात आणि जॉइनिंग वर्षभर लांबलं किंवा आलंच नाही तरी आकडा तोच राहतो. २०२२ नंतर अशी ऑफर लेटर हातात घेऊन बसलेली बरीच मुलं मी पाहिली. तुमच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट विभागाला सांगा की दरवर्षी ३१ मार्चला तीनच गोष्टी लिहून ठेवा: प्रत्यक्ष रुजू झालेले किती, त्यांचा हातात येणारा पगार किती, आणि एक वर्षानंतर नोकरीत टिकलेले किती. सलग चार-पाच बॅचची अशी नोंद झाली की पुढच्या बॅचला कुठल्या ब्रँचकडे पाठवायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, माझ्यासारख्याला विचारावं लागणार नाही.